मूळचे कोण?



सुगी संपली की आमच्या अफजलपूरकडे लग्नाची बोलणी सुरू होतात. यंदा आपल्याच मंडळीतल्या दोन घरांत असे बोलणे चालले होते. मुलगा शिक्षक, मुलगी नर्स, दोन्ही घरांत तिसरी पिढी ख्रिस्ती. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मग एका आजोबांनी हळूच विचारले, "तुम्ही मूळचे कोण?" उत्तर मिळाले. आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला इतक्यात लग्न करायचे नाही.

खरे कारण सगळ्यांना कळले. एक घर मूळचे होलेय, दुसरे मादिग. मराठीत सांगायचे तर महार आणि मांग. पुढच्या प्रभूभोजनाला एका बाजूचे बाक रिकामे होते.

मग वडीलजनांची बैठक झाली. एक म्हणाले, "हा विषय काढू नका, मंडळी फुटेल. ख्रिस्तात जात नाही, विषय संपला." दुसरे म्हणाले, "तुमच्यासाठी संपला असेल. आम्ही आमची उपासना वेगळी करतो." आम्ही तिथे होतो आणि गप्प बसलो. दर रविवारी मुलांना शिकवणाऱ्याला त्या दिवशी शब्द सापडला नाही. ती चूक मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

आम्हांला वाटते, दोन्ही बाजूंच्या बोलण्यात थोडे खरे आहे. मंडळी फुटू नये ही काळजी खरी आहे. लहान गावात फुटलेली मंडळी पुन्हा उभी राहायला पिढी जाते. पण दुखावलेल्याने गप्प बसावे म्हणजे एकी टिकेल, हे मात्र खरे नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 उघडून पाहा. पहिल्याच मंडळीत तक्रार उठली की हेल्लेणी यहूद्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते. प्रेषितांनी काय केले? "आमच्यात भेदभाव नाहीच" असे म्हटले नाही. तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही. सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. त्या साताही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांकडे वाढप्याची पळी गेली. त्यानंतर वचनाचा प्रसार वाढला, असे तिथेच लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट स्वतःलाच विचारावी लागते. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणून कित्येक मंडळ्या 10 ऑगस्ट हा काळा दिवस पाळतात. त्या दिवशीच्या निवेदनात आपण सरकारला सांगतो की बाप्तिस्म्याने जात धुऊन जात नाही, गावात आम्हांला तीच वागणूक मिळते. मागणी न्याय्य आहे, आमचाही तिला पाठिंबा आहे. पण सरकारसमोर जात आहे म्हणायचे आणि भावासमोर जात नाही म्हणायचे, हे कसे जमणार? तहसीलदारांना जे सांगतो ते मंडळीतही बोलायला हवे.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत वेगळा धडाही आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. 1843 साली मुंबईत स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनरींच्या सहवासात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांकडे परत दिले, आणि त्याला जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. नारायणराव मात्र पुढे जालन्याला गेले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्या कलबुर्गीसारखाच. तिथे त्यांनी मांग समाजात काम केले आणि बेथेल ही वस्ती वसवली. ज्या माणसाच्या घरात जातीवरून कोर्टकचेरी झाली होती, तो स्वतः उठून त्यांच्या वस्तीत गेला. त्यांना आपल्या उंबऱ्यापाशी उभे केले नाही.

आणि लग्नाचीच गोष्ट असेल, तर फार लांब जायला नको. शेजारच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरस यांची मुलगी यांचे लग्न शरणांनी लावले. त्यापायी दोन्ही बापांना प्राण द्यावे लागले, असे परंपरा सांगते. त्यांच्याजवळ बायबल नव्हते. आपल्याजवळ बायबल आहे, क्रूस आहे, आणि आपण आजोबांच्या कपाळावरच्या आठीला भितो.

वेगळी उपासना करू म्हणणाऱ्या बांधवांनाही एक विनंती. तुमचा राग योग्य आहे. पण दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मंडळीचे काय झाले ते पाहा. 1857 साली तिथल्या सिनॉडने ठरवले की सगळ्यांनी एकत्र बसावे हे शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळे बसले तरी चालेल. चालेल म्हणता म्हणता 1881 मध्ये वेगळी मंडळीच स्थापन झाली. पुढे वर्णभेदाचे राज्य आले तेव्हा त्याला पाठिंबा द्यायला गोऱ्यांची मंडळी तयार होती. शेवटी त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीनेच 1986 मध्ये बेलहारचा विश्वासांगीकार स्वीकारला आणि देवाच्या लोकांची फाळणी हे पाप आहे असे जाहीर केले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून 1861 मध्ये फुटलेल्या अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या 1983 मध्ये एक झाल्या, आणि त्या मंडळीने 2016 मध्ये हाच अंगीकार आपला मानला. एकदा वेगळी चूल मांडली की एकत्र यायला 122 वर्षे लागू शकतात.

मग एकत्र उभे राहायची जागा कोणती? आमच्या मते ती एकच, प्रभूचे मेज. तिथे ज्याला प्याला देतो, त्याच्या घरी मुलगी देता येत नसेल, तर दोष प्याल्यात नाही. म्हणून वडीलजनांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. लग्नाच्या बोलणीत मूळ जात विचारणे हे पाप आहे, असे व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे. खजिनदारी आणि प्रभूभोजनाच्या वाटपाचे काम या वर्षी त्या रिकाम्या बाकांवरच्या बांधवांकडे द्यावे. आणि वडीलजनांनी त्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागावी. हे घडले म्हणून लग्न जुळेलच असे नाही, तो त्या दोघांचा निर्णय आहे.

प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले की वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. आम्हांला ते आठवले आहे. पुढच्या प्रभूभोजनाआधी आम्ही त्या घरी जाणार आहोत. बैठकीत गप्प का बसलो, याची क्षमा मागायची आहे. ज्यांना वाटेल त्यांनी सोबत यावे.