भाकीत नको, अंदाज सांगा

"काय लिहिलंय, वाचून सांग की गं," म्हणत मामांनी एमआरआयचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. त्यांना गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर. घरात विज्ञान शाखेची मी एकटीच. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं कन्नडमध्ये आणि आमची काळजी मराठीत! बेळगावात हे नवीन नाही. गाठ आणि तिच्याभोवतीचा पडदा यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये दिलं होतं. त्याचा अर्थ मलाही कळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मशीन सगळं भविष्य सांगतं म्हणे." मामा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "मग उपचार तरी कशाला?"

त्या आकड्याचा अर्थ पुढे समजला. गुदाशयाभोवती चरबीचा थर असतो, त्यावर पातळ पडदा. सर्जन त्या पडद्यालगत कापत गाठ काढतात. गाठ पडद्यापासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल, तर आजार तिथंच उलटण्याचा धोका वाढतो. ऑपरेशनआधी एमआरआयवर हे ओळखता येतं, असं 'मर्क्युरी' अभ्यासानं २००६ मध्ये दाखवलं. अशा वेळी बहुधा आधी रेडिएशन आणि केमो देऊन गाठ आकसवतात, मग ऑपरेशन. म्हणजे तो आकडा मामांचं आयुष्य मोजत नव्हता, उपचार कुठून सुरू करायचे ते सांगत होता.

चित्र फसवूही शकतं. जठर-आतड्यांच्या भिंतीत 'जिस्ट' नावाची गाठ होते. इमॅटिनिबच्या गोळ्यांनी ती आतून मरू लागते, तरी सीटी स्कॅनवर कधी कधी आधीपेक्षा मोठी दिसते. नुसता आकार बघितला, तर लागू पडलेलं औषध बंद व्हायचं! म्हणून २००७ मध्ये चोई आणि सहकाऱ्यांनी नवे निकष मांडले : आकार १० टक्के किंवा घनता १५ टक्के घटली, तर औषधाचा गुण आला असं धरावं. आता तर 'रेडिओमिक्स'मध्ये संगणक चित्रातल्या करड्या छटांमधून शेकडो आकडे काढतो. पण स्कॅनर बदलला की त्यातले बरेच आकडे बदलतात. एका हॉस्पिटलच्या चित्रांवर शिकलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चुकू शकतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की याला भाकीत म्हणू नका, अंदाज म्हणा. पावसाचा अंदाज ऐकून आपण छत्री घेतो. भाकीत ऐकलं की हातपाय गाळून बसतो. आणि अंदाज पेशंटला त्याच्या भाषेत कळला पाहिजे. ओपीडीतली गर्दी मी बघितली आहे, डॉक्टरांना वेळ नसतो हे मान्य. पण शेवटी एका शिकाऊ डॉक्टरनं फाईलच्या पाठीमागं पेनानं आतडं काढून मामांना मराठीत समजावलं. दहा मिनिटं लागली. मामा म्हणाले, "असं हाय होय! मग करूया की."

त्यांचं रेडिएशन झालं, ऑपरेशन व्हायचंय. पुढचं मला माहीत नाही, मशीनलाही नाही.

आपण मंडळात कवितेच्या एका शब्दावर तासभर वाद घालतो. तसाच एक तास या रिपोर्टांना देऊया. पेशंटनं विचारायचे तीन प्रश्न सोप्या मराठीत लिहून घरोघरी पोचवूया : हा अंदाज कशावरून? तो कितीदा चुकतो? आणि त्यानं माझ्या उपचारात काय बदलणार?