आमदारसाहेब, डीजे नको. सभागृहात प्रश्न हवा



दरवर्षी एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांत एक ठरलेलं चित्र दिसतं. जयंती समितीची पोरं पावतीपुस्तक घेऊन आमदारांच्या बंगल्यावर जातात. आमदार डीजेचा खर्च देतात, कमानीचा खर्च देतात, भोजनदानाचा तांदूळ देतात. १४ तारखेला स्टेजवर येतात, पुतळ्याला हार घालतात, "मी आज जो काही आहे तो बाबासाहेबांमुळे" असं म्हणतात आणि पुढच्या स्टेजकडे निघून जातात. वर्षभर हेच चालतं. जूनमध्ये वह्यावाटप, मग आरोग्य शिबिर, दाखले वाटप शिबिर, ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या, डिसेंबरमध्ये चैत्यभूमीला जाणाऱ्या गाड्या. पाच वर्षं झाली की आपलीच पोरं सांगतात, "भाऊंनी समाजासाठी लई केलं."

आम्ही विचारतो, काय केलं?

हा प्रश्न कुत्सितपणे विचारत नाही. आम्ही वस्तीत काम करणारी माणसं आहोत. डोळे तपासणीच्या शिबिरात म्हाताऱ्या आजीला चष्मा मिळतो तेव्हा तिला किती बरं वाटतं, ते आम्ही पाहिलंय. दाखल्यासाठी तहसीलला चार चकरा मारून मजुरी बुडवणाऱ्या बाईला वस्तीतच दाखला मिळाला, तर ते वाईट कसं म्हणणार? आमदाराने लोकांत मिसळूच नये, असं आमचं म्हणणं नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की आमदाराला आपण विधानसभेत पाठवलं आहे. विधानसभा म्हणजे कायदा करण्याची, सरकारला जाब विचारण्याची आणि बजेटवर बोलण्याची जागा. वस्तीतल्या कार्यक्रमात जे दुःख दिसलं, ते त्या जागेपर्यंत पोहोचलं का? आमच्या मते आमदाराला मोजायचं माप हेच असलं पाहिजे.

आमचा एक अनुभव सांगतो. आम्ही चालवतो त्या अभ्यासिकेत तालुक्यातल्या खेड्यांतून आलेल्या मुली बसतात. एका वर्षी अकरा मुलींच्या शासकीय निर्वाह भत्त्याचा हप्ता कित्येक महिने आला नव्हता. खोलीचं भाडं थकलं. त्यातली एक जण, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, परीक्षेच्या तोंडावर खोली सोडून गावी गेली आणि आईबरोबर कांदा काढायला जाऊ लागली. त्याच आठवड्यात आमच्या चौकात आमदारांच्या सौजन्याने डीजे वाजत होता. आम्हीही त्या मिरवणुकीत होतो, हे लपवत नाही.

आम्ही निवेदन घेऊन आमदारांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, निवेदन स्वीकारतानाचा फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो फेसबुकवर आला: "विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवर सकारात्मक चर्चा." पुढे काहीच झालं नाही. मग आम्ही चार जण बसलो आणि निवेदनाऐवजी विधानसभेत विचारता येईल असा प्रश्न लिहिला. जिल्ह्यात किती विद्यार्थ्यांचा भत्ता प्रलंबित आहे, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या कारणाने, आणि विलंबाला जबाबदार असणाऱ्यांवर काय कारवाई केली? कागद पीएच्या हातात दिला. तो कागदाकडे बघतच राहिला. म्हणाला, "दादा, असलं काही कुणी आणत नाही. लोक लग्नपत्रिका आणतात, नाहीतर बदलीचं पत्र मागतात."

हे वाक्य आम्हाला फार लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या अधिवेशनाची मुदत निघून गेली होती. पुढच्या अधिवेशनाच्या आधी आम्ही पुन्हा गेलो, तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा कुठे प्रश्न दिला गेला. सरकारचं लेखी उत्तर आलं: "हे अंशतः खरे आहे." सोबत प्रलंबित प्रकरणांचा आकडा होता. हा आकडा आधी कार्यालयात कुणी द्यायला तयार नव्हतं. तोच कागद हातात घेऊन आम्ही कार्यालयासमोर बसलो आणि काही आठवड्यांत हप्ते जमा झाले. दहा मुली शिकत राहिल्या. कांदा काढायला गेलेली मात्र परत आली नाही. तोपर्यंत तिचं लग्न ठरलं होतं.

आमदारांच्या एका सहीचा कागद काय करू शकतो, ते आम्हाला त्या वर्षी समजलं. आणि तो कागद उशिरा निघाला की काय होतं, तेही समजलं.

आता आपल्या इतिहासाकडे बघा. महाडचा संगर आपण दरवर्षी साजरा करतो, पण त्याची सुरुवात विधिमंडळात झाली होती हे किती जण सांगतात? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले पाहिजेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तळ्याचं पाणी आपल्याला मिळालं नाही. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात जीव आला. पुढे नगरपालिकेने शेपूट घातली, खटला झाला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. सभागृहाशिवाय रस्त्याला कायद्याचा आधार मिळाला नसता, आणि रस्त्याशिवाय सभागृहाचा ठराव धूळ खात पडला असता.

बाबासाहेब स्वतः आमदार म्हणून कसे वागले, ते बघा. १९२७ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सदस्य झाले आणि १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचं विधेयक मांडलं. गावगाड्याची बिनमोल चाकरी करायला लावणारी ही वतनं आपल्याच लोकांना मानाची वाटत होती. म्हणजे हे विधेयक मांडून टाळ्या मिळणार नव्हत्या. १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. त्याच १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी, या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. त्या बायका काही त्यांच्या मतदार नव्हत्या.

आणि खोतीचं उदाहरण तर आजच्या प्रत्येक आमदाराने पाठ करावं असं आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चरी परिसरातल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण हटले नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. बाबासाहेब त्या शेतकऱ्यांच्या परिषदेला गेले. आजच्या भाषेत तोही एक 'कार्यक्रम'च होता. पण तो तिथेच संपला नाही. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आल्यावर १७ सप्टेंबरला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. सरकार ते पुढे सरकू देईना, तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. परिषद, विधेयक, मोर्चा, अशी ती साखळी होती. त्या शेतकऱ्यांत आगरी होते, कुणबी होते, महार होते. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, पण त्याची पायाभरणी आधीच झाली होती.

नामांतराचंही तेच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. अंमलबजावणी झाली १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं मराठवाड्यात आपली घरं जळाली, पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. ठराव करून सभागृह घरी गेलं आणि किंमत वस्तीने मोजली. म्हणून आमदाराने सभागृहात एकदा बोलून चालत नाही, पाठपुरावाही करावा लागतो.

मग आजचा आमदार असं का करत नाही? सगळा दोष त्याच्या स्वभावाचा नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. तेव्हापासून राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो आणि तिकीट पक्षश्रेष्ठींकडून मिळतं. आज महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. अत्याचाराच्या प्रकरणात सभागृहात तोंड उघडलं तर गावातली प्रबळ जात दुखावते. अनुसूचित जातींच्या निधीवर बोललं तर पक्ष दुखावतो. कमान उभारली तर कुणीच दुखावत नाही. आमदाराचा हिशेब सरळ आहे. जयंतीचा खर्च हा त्याला आपल्याला गप्प ठेवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग वाटतो, आणि आपण पावती फाडून तो हिशेब मान्य करतो.

शिवाय ज्याला आपण 'भाऊंनी दिलं' म्हणतो, त्यातलं बरंचसं आपलंच असतं. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी मिळतो. तो करदात्यांचा पैसा आहे. समाजमंदिरावर त्यांच्या नावाची पाटी लागते, पण वीट सरकारी तिजोरीतली असते. दाखला देणं हे तहसीलदाराचं काम आहे. हक्काची गोष्ट शिबिरात वाटली की ती उपकार होऊन जाते, आणि उपकाराखाली दबलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

खरे प्रश्न कोणते, तेही बोलू. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावर खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्या मुलांच्या वसतिगृहांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी असलेल्या खात्यातूनच का? यावर तुमच्या आमदाराने सभागृहात काय विचारलं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यांतही पळवाटा आहेत, हे कर्नाटकात दिसलं. पण कायदा असला की निदान भांडायला कलम मिळतं. महाराष्ट्रात ही मागणी वर्षानुवर्षे मोर्चात होते. एखाद्या आमदाराने त्यासाठी अशासकीय विधेयक मांडावं, म्हणून आपण किती वेळा त्याच्या दारात बसलो?

दुसरं, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व संनियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्यातले आमदार तिचे सदस्य असतात. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक झालीच पाहिजे. आमदार खुल्या मतदारसंघातले असोत की राखीव, त्यांना हे बंधन आहे. तुमच्या आमदाराची मागच्या बैठकीला हजेरी होती का? हे माहितीच्या अधिकारात एका अर्जावर कळतं.

म्हणून तरुण मित्रांना आमचं सांगणं आहे. जयंतीचा खर्च आपण आपल्या वर्गणीतून करू. डीजे लहान झाला तरी चालेल, नसला तरी चालेल. आमदारांना स्टेजवर जरूर बोलवा, पण हार घालण्याआधी त्यांनी वर्षभरात विचारलेले प्रश्न वाचून दाखवायला सांगा. अधिवेशनं वर्षातून तीन होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी. प्रत्येक अधिवेशनाच्या दोन महिने आधी प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक विहाराने एक तरी प्रश्न तयार करून द्यावा. नुसतं 'न्याय मिळावा' असं लिहू नका. गाव, वर्ष, योजना, आकडा लिहा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना हे शब्द आपल्या पोरांना क्रिकेटच्या स्कोअरसारखे तोंडपाठ झाले पाहिजेत. दिलेला कागद पुढे गेला की नाही, याची नोंद एका वहीत ठेवा. पाच वर्षांनी मत मागायला येतील तेव्हा ती वही टेबलावर ठेवा.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. एखादा आमदार आपला प्रश्न घेऊन सभागृहात उभा राहिला, पक्षाचा रोष ओढवून बोलला, तर त्याच्यामागे उभं राहणं हीसुद्धा आपली जबाबदारी आहे. बाबासाहेबांनी खोतीचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांच्या मागे हजारो शेतकरी मुंबईत चालत आले होते. आपण फक्त डीजेच्या मागे चालणार असू, तर आमदारही डीजेच देत राहील.

आमच्या अभ्यासिकेत त्या मुलीची खुर्ची आता दुसऱ्या मुलीला दिली आहे. तीही दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा भत्ता अजून आलेला नाही. पुढच्या अधिवेशनासाठीचा कागद आम्ही लिहायला घेतलाय. तुमच्या वस्तीतला कागद कुणी लिहायला घेतला आहे?

जयभीम! जय संविधान!