गांठीची धास्ती आणि गांठीची हेळसांड

मानेवर, पाठीवर अगर डोक्यावर कातडीखालीं वाटाण्याएवढी गांठ हाताला लागली कीं आमच्या समाजांत दोन पंथ दिसूं लागतात. एक पंथ कर्करोगाच्या धास्तीनें झोंप घालवून बसतो. दुसरा ती गांठ पिळतो, तिला चुना लावतो, किंवा कोणाहि अडाण्याच्या वस्तऱ्याखालीं मान देतो. हे दोन्ही पंथ त्याज्य आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वस्तुस्थिति काय आहे? ज्यांस आपण आवाळूं म्हणतों, त्या बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी आंत शिरून त्यांची बंद पिशवी बनते आणि एरवीं कातडीवरून झडून जाणारें केराटिन नांवाचें द्रव्य तींत सांचत राहतें. तिला चरबीची गांठ म्हणण्याचा प्रघात चुकीचा आहे. खरी चरबीची गांठ निराळी. आवाळूं असल्यास मध्यभागीं पुष्कळदां काळा ठिपका दिसतो. पिळल्यानें आंतील दुर्गंधी द्रव्य बाहेर येतें, पण पिशवी तशीच राहते, म्हणून गांठ पुन्हां भरते. आणि पिशवी आंतल्या आंत फुटली तर दाह होऊन गांठ सुजते व ठणकते. शस्त्रवैद्य तेवढीच जागा बधिर करून पिशवी समूळ काढतो. त्रास नसेल तर न काढली तरी चालते.

ही केवळ परकीय विद्या आहे असेंहि नाहीं. सुश्रुतानें निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायांत ग्रंथि आणि अर्बुद हीं निरनिराळीं वर्णिलीं असून, शेष ठेवलेलें अर्बुद पुन्हां उद्भवतें असा इशारा चिकित्सास्थानांत दिला आहे. अशा पूर्वजांच्या वंशजांनीं भोंदूंचे उंबरठे झिजवावे, ह्याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३४ व्या कलमांत, नोंदणीवांचून डॉक्टरकी करणारास १ वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु गिऱ्हाईकच भोंदूला पोसूं लागलें तर एकट्या कायद्यानें काय करावें?

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, नवी गांठ एकदां जाणत्या डॉक्टरास दाखवावी. ती झपाट्यानें वाढूं लागली, टणक व खालीं चिकटलेली लागली, किंवा लाल होऊन ठणकूं लागली, तर विलंब करूं नये. रोजकीर्दींतील एका रुपयाच्या चुकीसाठीं रात्र जागविणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं शरीराचा हिशेब मात्र ऐकीव गोष्टींवर सोडावा काय?