उसना श्वास

‘यंत्रावर ठेवले म्हणजे माणूस गेलाच’, हे उद्गार कोविडच्या साथीत पेडणे-डिचोलीच्या घराघरांत ऐकू येत. साथ ओसरली, समज मात्र टिकून आहे. आणि त्यापायी रुग्णास बांबोळीला हलविण्यास विलंब होतो, हे आम्हांस अधिक चिंतेचे वाटते.

विषाणू फुप्फुसांत खोलवर उतरला की वायुकोशांत द्रव साचतो, फुप्फुस ताठर बनते आणि रक्तास प्राणवायू पुरेनासा होतो. श्वसनयंत्र हा विकार बरा करीत नाही; ते केवळ अवधी मिळवून देते. सावरावयाचे ते फुप्फुसानेच. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरविला व असंख्य जीव वाचविले. तेथे स्नायू लुळे होते, फुप्फुसे बहुधा शाबूत होती. कोविडमध्ये फुप्फुसच आजारी. म्हणून झुंज अधिक बिकट.

हा उसना श्वास बेतानेच द्यावा लागतो. श्वासाचे माप निम्मे केल्यास शंभरांतील मृत्यू चाळिसांवरून एकतीसवर येतात, असे २००० साली अमेरिकेतील अभ्यासात दिसले. गंभीर रुग्णांस दिवसाचे अनेक तास पालथे निजविण्याचा लाभ २०१३ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाला. २०२० साली ब्रिटनमधील चाचणीत, यंत्रावरील शंभर कोविड-रुग्णांपैकी २८ दिवसांत ४१ दगावत. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने ती संख्या २९ वर आली. म्हणजे निम्म्याहून अधिक जगत होतेच!

तथापि, यंत्रामागील व्यवस्था ढासळली तर ज्ञान व्यर्थ. ११ मे २०२१ रोजी पहाटे २ ते ६ या वेळात गोमेकॉत २६ रुग्ण मरण पावल्याचे आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले. प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. सिलिंडर कोठारात असून भागत नाही. नळीतील दाब अखंड राहावा लागतो.

वाचकहो, बोटावरील मापक ९४ च्या खाली दाखवू लागला, अथवा बोलताना धाप लागू लागली, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ ला पाचारण करावे. यंत्रावरून परतलेल्यास कित्येक महिने दम लागतो, हातापायांत त्राण नसते. फुप्फुस हळूहळू भरून येते. त्या काळात घरच्यांनी ‘अजून कसा बरा होत नाही?’ असे विचारू नये. रोज चार पावले त्याच्यासवे चालावे.