मधल्या श्रेणीचे मोल आणि तोंडवलीची वाट

तोंडवली-तळाशील हा मालवण तालुक्यातील चिंचोळा किनारपट्टा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे सुरूचे बन. येथील कित्येक घरांतील माणसे पोटापाण्यासाठी मुंबईत, आखातात किंवा जहाजावर असतात आणि गणपतीला वा मे महिन्यात घराकडे वळतात. वारंवार विमानप्रवास करणाऱ्या अशा चाकरमान्याच्या पाकिटात एखाद्या विमान कंपनीचे 'सिल्व्हर' किंवा 'गोल्ड' कार्ड असले तर नवल नाही. त्या कार्डाचा या वाटेवर प्रत्यक्ष लाभ किती, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी सुरू केलेल्या योजनेपासून निष्ठावंत प्रवाशांना गुण देण्याची ही पद्धत जगभर पसरली. पुढे श्रेणी आल्या. सर्वांत वरच्या श्रेणीला खरी बडदास्त मिळते, तळाच्या श्रेणीला केवळ सभासद क्रमांक. मधल्या श्रेणीला थोडे लाभ आणि पुष्कळ आशा मिळते. 'आणखी दोन फेऱ्या केल्या की वरची पायरी', हे आमिष तिच्यासाठीच असते.

या दोन पायऱ्यांतील अंतर मोठे आहे. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये 'स्टार अलायन्स' या आघाडीत सामील झाली. आघाडीतील इतर कंपन्यांच्या विमानांत 'सिल्व्हर' प्रवाशाला प्रतीक्षायादीत अग्रक्रम मिळतो, त्यापलीकडे फारसे काही नाही. 'गोल्ड'ला मात्र विश्रामकक्ष, आधी प्रवेश आणि वजनावर मर्यादा असेल तेथे २० किलो जादा सामान अशा सवलती आहेत. परतताना आंब्याची पेटी, कोकम आणि मसाला नेणाऱ्या कुटुंबाला यांतील शेवटचीच सवलत खऱ्या उपयोगाची.

पण ती हव्या त्या विमानात मिळते काय? आखाताच्या मार्गावर मोठा वाटा असलेली एअर इंडिया एक्स्प्रेस या आघाडीची सभासद नाही. एमिरेट्स कोणत्याच मोठ्या आघाडीत नाही. म्हणजे 'गोल्ड' कार्ड खिशात असूनही जादा सामानाचे पैसे मोजण्याची पाळी येऊ शकते.

घराजवळच्या विमानतळाची कथाही बोलकी आहे. चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिची तिकीटव्यवस्थाही वेगळी झाली. जिल्ह्यातील विमानाचे नाते जिल्ह्यातील प्रवाशाच्या कार्डाशी असे तुटले. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पर्याय वाढले, पण ते अनेक कंपन्यांत विभागलेले.

पुढचा प्रवास तर श्रेणीच्या कक्षेबाहेरचाच. कोकण रेल्वेने कणकवलीला किंवा कुडाळला उतरायचे, तर आरक्षण खुले होताच तिकीट काढणे हाच मार्ग. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. त्या रांगेत 'गोल्ड'ला वेगळी खिडकी नाही. आणि गावातील घरगुती मुक्कामात पाहुण्याला मिळणारा मान हॉटेल साखळीच्या गुणांवर ठरत नाही.

श्रेणी ही मालमत्ता नव्हे, हेही विसरून चालणार नाही. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. विमानेच उरली नाहीत, तेव्हा वर्षानुवर्षे जपलेल्या श्रेणीलाही अर्थ उरला नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांना नव्या योजनेत सामावून घेतले गेले, पण नियम नव्या घराचे.

यातून व्यवहार्य मार्ग निघतो. नोकरीच्या निमित्ताने जो प्रवास होणारच आहे, तो शक्य तितका एका आघाडीत एकवटावा. जे लाभ नसते तर आपण खिशातून पैसे मोजले असते, तेवढेच जमेस धरावेत. समजा, वरची श्रेणी गाठण्यासाठीची जादा फेरी ९,००० रुपयांची आणि वर्षभरात वाचणारे सामानाचे शुल्क ४,००० रुपयांचे असेल, तर ती फेरी करू नये. तिकीट काढण्यापूर्वी विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवते, हे पाहावे. साठलेले गुण मुलाच्या लग्नासाठी राखून न ठेवता पुढच्या गणपतीला वापरावेत, कारण त्यांचे मोल ठरविण्याचा अधिकार कंपनीकडे असतो.

मधल्या श्रेणीचे लाभ चालत आले तर जरूर घ्यावेत. त्यांच्यामागे धावण्यात मात्र अर्थ नाही. तोंडवलीच्या माणसाला अखेर घरी पोहोचायचे असते, आणि त्या वाटेचा शेवटचा टप्पा कोणत्याही कंपनीच्या नकाशात नाही.