क्लोजिंगच्या आठवड्यात अलार्म शोधत फिरू नका

न्यू जर्सीत घर विकायला काढलेल्या आपल्या मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. खरेदीदार ठरला की वकील, बँक आणि सामान हलवणारे यांच्यामागे आपण धावत सुटतो. छतावरचे अलार्म आठवतात ते शेवटच्या चार दिवसांत, आणि तेव्हा टाउनशिपच्या फायर ऑफिशियलची वेळ मिळेलच असं नाही.

इथल्या कायद्यानुसार एका किंवा दोन कुटुंबांचं घर विकताना किंवा नव्या भाडेकरूला देताना स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि फायर एक्स्टिंग्विशर नीट असल्याचा दाखला लागतो. तो स्थानिक अग्निसुरक्षा कार्यालय देतं. बहुतेक ठिकाणी दहाहून जास्त कामाचे दिवस हातात ठेवून अर्ज केला तर फी सगळ्यांत कमी पडते. चारपेक्षा कमी दिवस उरले, तर ती तिपटीच्याही वर जाते. तेव्हा करारावर सह्या झाल्या की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

स्मोक अलार्म बेसमेंटसकट प्रत्येक मजल्यावर हवा, शिवाय झोपायच्या खोल्यांपासून दहा फुटांच्या आत हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही झोपायच्या जागेपासून दहा फुटांत. एक्स्टिंग्विशर स्वयंपाकघरापासून दहा फुटांत, बाहेर पडायच्या वाटेवर, ब्रॅकेटला अडकवलेला आणि दिसेल असा. सिंकखालच्या कपाटात ठेवलेला चालत नाही.

आता एक काम आजच करा. शिडी घ्या, अलार्म फिरवून खाली काढा आणि त्याच्या पाठीवर छापलेली तारीख वाचा. स्मोक अलार्मचं आयुष्य बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षं. बटण दाबल्यावर तो जोरात ओरडतो म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण त्या बटणानं भोंगा आणि वीज ठीक आहे एवढंच कळतं. आतला सेन्सर म्हातारा झालाय की नाही, ते कळत नाही. बॅटरीवरचे अलार्म बदलायचे असतील, तर 2019 पासून दहा वर्षं टिकणाऱ्या सीलबंद बॅटरीचेच लागतात. घरात मुळात वायरिंगवरचे अलार्म असतील, तर त्यांच्या जागी नुसते बॅटरीवरचे लावून भागत नाही. ही चूक फार जण करतात आणि तपासणीत अडकतात.

आपल्या घरांत अलार्म बंद का असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. मिरच्या भाजल्या, फोडणी दिली, की तो कोकलतो आणि कुणीतरी चिडून काढून ठेवतं. तसं करू नका. बाहेर हवा टाकणारा पंखा आधी लावा, स्वयंपाकघराजवळ फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा अलार्म घ्या, आणि कोकललाच तर थोडा वेळ गप्प करायचं बटण वापरा.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनाच एकदम झालं तर आपण फ्लू म्हणून पांघरूण घेऊन पडतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचत आलो आहोत. वायू हाच. इथे तो फर्नेसमधून, वॉटर हीटरमधून किंवा घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये चालू राहिलेल्या गाडीतून येतो. जानेवारी 2005 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी बर्फानं हीटिंगची बाहेरची नळी बुजली आणि निकोल नावाची सात वर्षांची मुलगी गेली. कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचे करणारा तिथला कायदा तिच्याच नावानं ओळखला जातो. म्हणून बर्फ पडला की ड्राइव्हवेच्या आधी भिंतीतून बाहेर आलेल्या त्या नळ्या मोकळ्या करा.

भारतातून आई-बाबा राहायला आले असतील, तर त्यांना हे आवाज ऐकवून ठेवा. दुपारी घरात बऱ्याचदा तेच एकटे असतात. तीन-तीन बीप म्हणजे धूर. चार-चार बीप म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. मिनिटा-अर्ध्या मिनिटानं एकच बारीक चिवचिव म्हणजे बॅटरी उतरली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं. पहिल्या दोन आवाजांना खिडक्या उघडून आत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरूनच 911 ला फोन लावायचा. पासपोर्ट, दागिने, चपला, कशासाठीही मागे वळायचं नाही.

आणि घर सोडताना नवे कोरे अलार्म काढून पुढच्या घरी नेऊ नका. दाखला त्या घराला मिळालेला असतो. किल्ल्यांसोबत अलार्मची माहितीपत्रकंही स्वयंपाकघरातल्या खणात ठेवा, आणि ते कोणत्या वर्षी बदलायचे ते वर एका चिठ्ठीवर लिहा.