ओट्यामागे कोण उभा आहे?

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात, वाय नदीच्या काठी बेकवेल हे जुने गाव वसले आहे. मध्ययुगीन दगडी पूल आणि १२५४ पासून चालत आलेला बाजार ही त्याची पूर्वापार ओळख. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी शेतकऱ्यांचा वेगळा बाजार भरविण्याची प्रथा मात्र अलीकडची. चीज, मेंढीचे मांस, अंडी, मुरंबे, घरी भाजलेले पाव घेऊन आसपासचे शेतकरी येतात. आणि गिऱ्हाईक केवळ भाव विचारून थांबत नाही, जनावराला काय चारले हेही विचारते.

या चौकशीमागे एक कटू अनुभव आहे. गायींच्या मेंदुरोगाचा माणसांच्या मृत्यूशी संबंध असण्याचा संभव ब्रिटिश सरकारला मार्च १९९६ मध्ये पार्लमेंटात मान्य करावा लागला. जनावरांच्या खाद्यात जनावरांचेच अवशेष मिसळले जात, आणि वेष्टनावरून ते कळण्याची सोय नव्हती. पुढल्याच वर्षी बाथ शहरात त्या देशातील पहिला आधुनिक शेतकरी बाजार भरला; त्याचे लोण पसरले, त्याला ही धास्तीही कारण झाली. नियम साधा होता : माल साधारणतः तीस मैलांच्या आतला असावा, आणि ज्याने पिकविला त्याने, त्याच्या घरच्याने अथवा उत्पादनात प्रत्यक्ष हात असलेल्या नोकरानेच तो विकावा.

अर्थात महिन्यातून एकदा भरणाऱ्या बाजारावर शेतकऱ्याचे घर चालत नाही. भावही चढे असतात, आणि हौशी पर्यटकांचीच वर्दळ पुष्कळदा अधिक. तथापि तो नियम मोलाचा आहे.

महाराष्ट्राने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शहरांत 'शेतकरी ते ग्राहक' असे फलक झळकले. परंतु फलकाखाली बसलेल्याने माल शेतातून आणला की पहाटे घाऊक बाजारातून उचलला, हे पाहणार कोण? जागा देताना सातबारा मागावा, असे सुचविले जाते. पण वाट्याने कसणाऱ्याचे आणि राबणाऱ्या घरच्या बाईचे नाव त्यावर बहुधा नसतेच. तेव्हा बाजार भरविणाऱ्यांनी हंगामात एकदा तरी विक्रेत्याच्या शेतावर जाऊन उभे पीक पाहून यावे, आणि मगच त्याला जागा द्यावी.